तुझ्या स्वेटरातली मुलगी

काल्लिओ, अप्पर मिशिगन
९ ऑक्टोबर २०१८

टायमी,

पाकिटावर तुझं आताचं नाव घातलंय, टेस मोरेनो, म्हणजे तुझ्या पोस्टमनला किंवा नवऱ्याला काही वेगळं वाटायला नको. आत मात्र मला तुला टायमीच म्हणू दे. ज्या नावाच्या दगडापुढे मी चाळीसएक वर्षं दर रविवारी उभी राहिले, ते नाव एकदम सुटत नाही.

हो, दगड. तुला हे कुणी सांगितलं नसणार. आमच्या लेखी तू मेलेली आहेस.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, जुन्या लाकूडतोड्यांच्या छावणीपाशी दोघा शिकाऱ्यांना हाडं सापडली. विशीच्या आतबाहेरची मुलगी असावी, असं शेरीफ म्हणाला. मारल्याची खूण नाही, पिशवी नाही, कागद नाही. अंगावर तेवढा एक स्वेटर. तो त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवला. आईने डावी बाही उलटी करून पाहिली. राखाडी लोकर संपली म्हणून शेवटची चार बोटं तिने तपकिरी लोकरीने विणली होती आणि त्यावरून तू केवढी कुरकुर केली होतीस. आई म्हणाली, "माझ्याच हातचा आहे," आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

शेरीफने कागदावर तुझं नाव कधीच लिहिलं नाही. स्वेटर म्हणजे पुरावा नव्हे, दातांचे कागद दाखवा, म्हणाला. आपल्याला कुठला आलाय दातांचा डॉक्टर! तेव्हा सरकारदरबारी ती अनोळखी राहिली आणि आपल्या घरात ती तू झालीस. बाबांनी हट्टाने तिला आपल्या दफनभूमीत आणलं. आता ते तिच्या शेजारीच आहेत. बाबा गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. असं पत्रात मधेच सांगायची गोष्ट नाही ही, पण चांगली जागा कुठली तेही मला सुचत नाही.

विनी ट्रेम्बाथ आठवते का? केस कापायचं दुकान होतं तिचं, जिथे चर्चच्या नियमांपायी आपल्याला जायची बंदी होती. दफनविधीवाल्यांकडे मढ्यांचे केस बसवायलाही तीच जायची. म्हणते, "मी त्यांच्याशी बोलत बोलत काम करायची गं. 'मान सरळ ठेव एडना, झालंच हं.' नाव नसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?" हात थरथरायला लागले तसं तिने दुकान बंद केलं, कॉम्प्युटर घेतला, आणि आता तिच्यासारख्याच चारपाच बायकांबरोबर ती बेवारस हाडांची नावं शोधत असते. त्या बायका एकमेकींना कधी भेटलेल्यासुद्धा नाहीत. एक ऑरेगनमधली नर्स आहे, बाकीच्या कोण कुठल्या देवाला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी ही बया माझ्या दारात उभी. "हिल्या, तुझी टायमी कागदावर अजून अनोळखीच आहे. गालात एक काडी फिरवून दे, डीएनए जुळला की तिचं नाव लागून जाईल." मला ते आईसाठी हवं होतं. चर्चच्या तळघरात मांस-बटाट्याच्या पॅस्टी विकून आम्ही तपासणीचा खर्च उभा केला. शेरीफच्या ऑफिसने परवानगी दिली, खणलं, हाडाचा तुकडा घेतला, पुन्हा झाकलं. आई तेव्हा दिवसभर घराबाहेर पडली नाही.

मग गेल्या महिन्यात शेरीफच्या ऑफिसातला तपासनीस घरी आला. भला माणूस आहे. टोपी काढून म्हणाला, "मिस लाम्पी, त्या मुलीचं आणि तुमचं काहीही नातं नाही." मी म्हटलं, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासलं होतं.

विनीने माझी थुंकी दुसऱ्या एका कंपनीलाही पाठवून ठेवली होती, लोक आपले पणजोबा शोधायला पाठवतात त्या. तिकडून उत्तर आलं की माझी एक सख्खी भाची न्यू मेक्सिकोत राहते, मरिसा मोरेनो. मी फोटो पाहिला. कपाळ बाबांचं आहे.

विनीने मला न विचारता तुझ्या मुलीला मेसेज केला. त्यावरून मी तिला चांगली झाडली. "अगं, आनंदाची बातमी आहे असं वाटलं मला!" म्हणे. मुलीने उलट कळवलं की माझी आई अनाथ आहे, तिला कोणी नाही. त्यानंतर तुझ्या घरात काय झालं असेल त्याचा मी विचार करते, आणि मग करायचं सोडून देते.

मी तुला ये म्हणत नाही. का गेलीस ते मला माहीत आहे. एक ओळ का पाठवली नाहीस, ते विचारत नाही. फक्त एवढं सांग. तो स्वेटर तुझ्याकडून कुणाकडे गेला? ती कोण होती?

आईला अजून काही सांगितलेलं नाही. अठ्ठ्याऐंशीची आहे ती.

हिल्या


काल्लिओ
१८ नोव्हेंबर २०१८

टायमी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे निवडुंगाचं चित्र आणि मागे तीन ओळी. घरी पत्र पाठवू नकोस, पोस्टातल्या पेटीवर पाठव. माझ्या मुलीच्या वाटेला जाऊ नका. स्वेटर मी दिला होता, चोरीला गेला नव्हता. खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र अजून तसंच आहे, डावीकडे पडणारं.

आईला सांगितलं. कार्ड हातात घेऊनच सांगितलं, कारण नुसत्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नसता. ती सलगम सोलत होती.

"आई, टायमी जिवंत आहे."

"कोण म्हणतं?"

"शेरीफचा माणूस म्हणतो, विनी म्हणते. आणि हे बघ, हे टायमी स्वतः म्हणते."

तिने हात पुसले, चष्मा शोधला, कार्ड वाचलं, उलटं करून चित्र पाहिलं. "ही काटेरी झाडं कुठली?"

"न्यू मेक्सिकोतली."

"उन्हाचा देश आहे. चांगलं झालं. तिला थंडी सोसायची नाही." मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले. मागून तिचा आवाज आला, "मग ती कोण?"

"कोण कोण?"

"यांच्या शेजारी निजलीय ती. कुणाची पोर आहे?"

मला राग आला, टायमी. म्हटलं, "अगं, तुझी मुलगी जिवंत निघाली आणि तुला त्या परकीचं पडलंय?"

"माझी सापडली," आई म्हणाली. "तिच्या आईला ती कुठे सापडलीय?"

दुसऱ्या दिवशी तिने मला दगड काढायला लावला. जिवंत माणसाच्या नावाखाली त्या मुलीला एक दिवसही ठेवायचं नाही, म्हणाली. जमीन गोठायच्या आत तपासनीसाने दोन माणसं पाठवली, म्हणून निभावलं. तुझ्या नावाचा दगड आता सौनाच्या न्हाणीघरामागे पालथा पडलाय. आई मात्र रविवारची तिथे जायची थांबलेली नाही. मी विचारलं, आता हाक काय मारतेस? म्हणाली, "पोरी म्हणते. नाव कळेपर्यंत."

विनीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही. त्या मुलीच्या हाडातून तिच्या नात्यातली माणसं निघालीत, लांबची, केंटकीत. एकेका घरात डझनभर मुलं आणि त्यातल्या निम्म्यांनी शेजारच्याच घरात लग्नं केलेली. विनी त्यांचं जाळं रंगीत पेन्सिलींनी काढत बसते. परवा मला म्हणाली, "हिल्या, हा एक माणूस स्वतःचाच मेहुणा आहे." नर्स बाईने तिची चूक दाखवून दिली तेव्हा कुठे तो माणूस सुटला. पण नाव काही लागत नाही. तुला एक नाव नुसतं माहीत असलं, तरी या बायांची वर्षं वाचतील.

तू गेल्यावर मी डलूथला नोकरीला निघाले होते, हे तुला माहीत नसेल. नंतर जन्मभर केलं तसं शाळेच्या स्वयंपाकघरातलं नाही, खरं ऑफिसातलं काम. बॅग भरली होती. बाबा नुसते बॅगेशेजारी येऊन बसले. तेव्हा मी ती रिकामी केली. हे खोडायचं होतं, पण हातात पेन आहे, पेन्सिल नाही. तू वाचलं नाहीस असं समज.

तिचं नाव कळव.

हिल्या


काल्लिओ
२० जानेवारी २०१९

टायमी,

मंगळवारी तू फोन केलास तेव्हा मी घरात नव्हते. बर्फ इतकं होतं की दुकानात जाऊन यायला अख्खी सकाळ गेली. परत आले तर आई फोनजवळच्या खुर्चीत, रिसीव्हर मांडीवर, आणि त्यातून नुसतीच घूं घूं. मला वाटलं तिलाच काही झालं.

"कोणाचा होता?"

"टायमीचा."

"काय म्हणाली?"

"इतक्या वर्षांचा राग काढला तिने. म्हणाली, मी माणूस पाठवलं होतं, तुम्ही उत्तर का नाही दिलं?"

आईचा एक कान गेलाय, आणि तू रडत होतीस म्हणाली. म्हणून तिच्याकडून मला जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

तू खालच्या मिशिगनमध्ये सफरचंदाच्या बागांत कामाला लागलीस. तिथे एका खोलीत तुम्ही दोघी होतात. तिचं नाव नीवा. दक्षिणेकडची, गाणं म्हटल्यासारखी शब्द लांबवत बोलायची. हंगाम संपला तेव्हा तिला घर नव्हतं, की होतं पण जायचं नव्हतं, ते आईला नीट ऐकू आलं नाही. तू तिला आपल्या घराबद्दल सांगायचीस. शनिवारचं सौनातलं वाफेचं न्हाणं, वेलदोडा घातलेला पाव, कुणालाही कॉफीशिवाय सोडायचं नाही ही आईची रीत. नाचाला गेलीस म्हणून ज्यांनी तुला चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर उभं करून माफी मागायला लावली, त्यांच्याबद्दल तू कुणापाशी गोड बोलत असशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. ती म्हणाली, मी बघून येते तुझं घर. आणि तू तिच्याबरोबर निरोप दिलास. मी बरी आहे. पुन्हा माफी मागणार नाही. पण घरी घेणार असाल तर येईन, बागेच्या मालकिणीच्या फोनवर कळवा. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, या भीतीने तू अंगातला स्वेटर काढून तिला घातलास. आई ओळखेल, म्हणालीस.

आईने ओळखला, टायमी. बाही उलटताच ओळखला.

तू नाताळपर्यंत त्या फोनच्या आसपास राहिलीस. फोन आला नाही. तुला वाटलं, आम्ही सगळं ऐकूनही गप्प बसलो. आम्हाला वाटलं, तू त्या झाडीत मेलीस. मी इतकी वर्षं मेलेल्या तुझ्याशी मनात भांडत होते, ऑक्टोबरपासून जिवंत तुझ्याशी भांडायला लागले. मंगळवारपासून भांडायला कुणी उरलं नाही. चमच्यांचा खण दोनदा आवरला, तरी हात रिकामे राहिनात.

तपासनीसाला मी सांगितलं. तो म्हणतो, लाकडाच्या ट्रकवाल्याने तिला फाट्यावर उतरवलं असावं. त्या वर्षी ऑक्टोबरातच बर्फ पडलं होतं, तुला तिकडे कळलं नसेल. फाट्यावरून डावीकडची वाट आपल्या घराची, उजवीकडची छावणीची. बर्फात दोन्ही सारख्याच दिसतात. मी इथे जन्मलेय, तरी मीसुद्धा एकदा चुकलेय.

हे वाचून तू काय करशील ते मला दिसतंय, म्हणून आधीच सांगते. तू तिला मरायला पाठवलं नव्हतंस. कॉफी प्यायला पाठवलं होतंस.

आईला मी विचारलं, तू तिला काय म्हणालीस? म्हणाली, "काहीच नाही. शब्द येईपर्यंत फोन बंद झाला होता." तिच्या वतीने मी काही लिहीत नाही. तिचं तिला सुचू दे. दोन दिवस ती अंथरुणातच होती. आज उठून तिने पाव भाजला, पण वेलदोडे घालायला विसरली.

विनीचा नंबर खाली दिलाय. ती म्हणते, नीवाबद्दल काहीही आठवलं तरी चालेल. घरी कोण होतं, वडील काय करायचे, गावात काय होतं. ती फार बोलेल, तिला बोलू दे. मेसेजबद्दल आधी माफी मागायला मी तिला बजावलंय.

हिल्या


काल्लिओ
१४ एप्रिल २०१९

टायमी,

तुला आठवणारी ती फेरीबोट कामाला आली. नीवाचे वडील नदीवर दोरखंडाला बांधलेली फेरीबोट चालवायचे, हे तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा विनी इतक्या जोरात ओरडली म्हणे, की शेजारच्याने दार वाजवलं. त्या अख्ख्या जाळ्यात फेरीबोटवाला एकच निघाला, क्रॅब्ट्री.

पण विनी ती विनीच. त्या घराण्यात तिला एक नीवा सापडली, बरोबर त्याच वयाची, आणि त्या वर्षानंतर तिचा कुठे पत्ताच नाही. विनीने केकसुद्धा आणला. तपासनीसाने केंटकीला फोन लावला तर तो त्या नीवानेच उचलला. "मी मेलेली नाही, लग्न केलंय! कुणी सांगितलं तुम्हाला?" असं म्हणून तिने त्या बिचाऱ्याला धारेवर धरलं. विनी आठवडाभर कुणाला दिसली नाही. मी केक घेऊन तिच्याकडे गेले, आम्ही दोघींनी तो खाल्ला. "लोकांच्या घरात असं घुसायचा मला काय अधिकार आहे गं, हिल्या?" म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून हे ऐकलं. मी म्हटलं, "अधिकार नाहीच. पण आता पुढे जायचं तर आधी दार वाजव." त्या दिवसापासून ती आधी तपासनीसाला विचारते.

शेवटी नर्स बाईला सुचलं की 'नीवा' हे अर्धं नाव असेल. जेनेवा क्रॅब्ट्री. तिचा मोठा भाऊ अर्विन अजून त्याच गावात आहे. त्याने गालात काडी फिरवून दिली, आणि परवा उत्तर आलं. तीच आहे.

आई तिला आता जेनेवा म्हणते. तिची आई हयात नाही. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपल्याला उशीर झाला," आणि त्या दिवशी जेवली नाही.

काल अर्विनने फोन केला. तुझ्याशीही बोलायचंय त्याला. पण तुला विचारल्याशिवाय मी नंबर दिलेला नाही. त्याला एकेका वाक्यासाठी बराच वेळ लागतो. घरातून ती भांडून गेली नव्हती म्हणाला. सफरचंदं तोडून नाताळला येते, असं सांगून गेली होती. वडिलांनी पोलिसांत सांगितलं, तिथे म्हणाले, वयात आलेली मुलगी आहे, येईल. पुढे बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक गाडीत ते डोकावून बघायचे. बोट बंद झाली, पूल झाला, तर पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे.

मग त्याने विचारलं, "तिच्यापाशी कधी कुणी जायचं का?"

"दर रविवारी," मी म्हटलं.

"इतकी वर्षं?"

"आम्हाला ती आमची वाटत होती."

माझ्या मनात आलं, हा आता रागावणार, आमची बहीण तुम्ही तुमच्या नावाखाली पुरून ठेवलीत म्हणणार. त्याचा हक्कच होता तो. "मग बरं झालं," तो म्हणाला, "मला वाटायचं, ती एकटी असेल."

जूनमध्ये तो तिला न्यायला येणार आहे. तू येशील का, असं मी विचारणार होते. विचारत नाही. तुझ्या नवऱ्याला, रुबेनला, तू सगळं सांगितलंस आणि तो तीन दिवस गॅरेजमध्येच झोपला, हे तू लिहिलंस. चौथ्या दिवशी तो आत आला, तेही लिहिलंस. आधी तिथलं सांभाळ.

हिल्या


काल्लिओ
२३ जून २०१९

टायमी,

अर्विन येऊन गेला. तुमचं फोनवर बोलणं झालं, एवढंच त्याने सांगितलं. काय झालं ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तो एकटाच आला, ट्रकने, वाटेत एक मुक्काम करून. उंच, वाकलेला, आपल्याकडच्या जूनमध्येही स्वेटर मागणारा. दफनभूमीत सकाळी तपासनीस होता, चर्चचे पाळक होते, विनी होती. विनी एक शब्द बोलली नाही, यावरून तू काय ते समज. आई खुर्चीवर बसून होती. पेटी वर आली तेव्हा अर्विनने टोपी काढली, पण पुढे झाला नाही. त्याने आईकडे पाहिलं. त्याला बहुधा कळेना, आधी हात कुणी लावायचा. आईने मानेनेच खूण केली, जा, तुझी आहे. मग तो पुढे गेला.

तिथून परस्पर निघतो म्हणत होता. आई म्हणाली, "ती माझ्याकडे यायला निघाली होती. तिच्या भावाला मी दारावरून परत लावू?" तेव्हा तो आला. ट्रक त्याने अंगणात सावलीला लावला, खिडकीतून दिसेल असा. दोन कप कॉफी प्याला, पावाला रानबेरीचा मुरांबा लावून खाल्ला. तपकिरी रंगाचा एक फोटो दाखवला. बोटीच्या कठड्यावर बसलेली मुलगी, पाय हवेत, तोंड उघडं, काहीतरी ओरडतेय. आई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. "अशी होती होय," म्हणाली. "मी तिला फार गरीब समजत होते."

"गरीब?" अर्विन म्हणाला. "शेजारची पोरं घाबरून असायची तिला."

आई हसली. मग रडली. ते बघून मी उगाच किटली उचलून बाहेर पंपावर गेले.

परत आले तेव्हा तो निघायला उभा होता. दारात थांबून म्हणाला, "मिसेस लाम्पी, ती इकडे कशाला आली ते मला कळलं. पण निरोप नक्की काय होता? घरी बायकोला, मुलांना सांगायला हवं."

मी सांगायला तोंड उघडलं तर आईने हात वर केला. काठीवर दोन्ही हात ठेवून, शाळेत पोरं कविता म्हणतात तशी ताठ उभी राहून ती म्हणाली, "टायमी बरी आहे. ती पुन्हा माफी मागणार नाही. पण घरी घेणार असाल तर येईल."

अर्विनने ते ऐकून घेतलं, ओठ हलवून मनात एकदा म्हटलं. मग त्याला हसू आलं. "लहानपणी तिला दुकानात पाठवलं की तीन वस्तूंतली एक हमखास विसरायची."

"हे नाही विसरली," आई म्हणाली. "आमच्या फाट्यापर्यंत घेऊन आली होती."

तो गेला. ट्रक फाट्यावर वळेपर्यंत आई दारातच होती. मग आत येऊन खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "आता टायमीला उत्तर पाठव."

"काय लिहू?"

"घेणार आहोत म्हणून लिही. आणि माफीचं कुणी काढलंच, तर मी आहे अजून, म्हणावं."

एवढंच लिहायला बसले होते. बाकीचं लांबत गेलं.

हिल्या